सहावं धुरांडं

ब्रॅमलिंग हॉल, सफोक
३ मार्च १८८४

केझिया गॅरड हिस,

तू अजून हयात आहेस, हे पाद्रीबुवांकडून कळले. तुला वाचता येत नाही, हेही त्यांनीच सांगितले. तेव्हा तुझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मिस टिबनमकडून हे पत्र वाचून घे.

माझा भाचा लायनल याचे सप्टेंबरात लग्न आहे. त्याआधी घराची दर्शनी बाजू पूर्ववत करावी, असे मनात आहे. सहा धुरांड्यांपैकी पाचच उभी आहेत. पिळाचे सहावे धुरांडे पडल्याला येत्या नोव्हेंबरात पंचेचाळीस वर्षे होतील. आमचे वास्तुकार मिस्टर लँगफोर्ड म्हणतात, या घराच्या विटेसारखी वीट आज कुठल्याच भट्टीवर मिळत नाही. जेमतेम दोन इंच जाड, आणि रंग असा की संध्याकाळच्या उन्हात भिंत आतून पेटल्यासारखी दिसावी. तशी वीट शेवटची पाडली ती तुझ्या नवऱ्याने.

मागचे उगाळायची माझी इच्छा नाही. सहाव्या धुरांड्याला लावलेल्या त्याच्या विटा कच्च्या निघाल्या आणि आमची मोलकरीण सुझन केर्सी त्यांच्याखाली गेली, हा पंचांचा निर्णय होता. परंतु दोष भाजणीचा असावा, मातीचा नव्हे, असे मिस्टर लँगफोर्ड यांना वाटते. माती कुठली आणि मिसळ काय, एवढे कळव. खाली संगीताच्या खोलीतला शेकोटीचा कट्टा पूर्वीच काढलेला असल्यामुळे नवे धुरांडे लोखंडी तुळयांवर घ्यावे लागणार आहे. म्हणून वीट फार जड नको.

मोबदल्यात कोळशाची दोन पोती पाठवीन.

ऑगस्टा थर्लो


धर्मादाय खोल्या, लिटल ब्रॅमलिंग
११ मार्च १८८४

बाईसाहेबांस केझिया गॅरडचा नमस्कार.

मी हयात आहे. मलाही अधूनमधून शंका येते, पण मिस टिबनम रोज सकाळी भिंतीवर काठी आपटते आणि मी उलट आपटते, म्हणजे असणारच. हे पत्र तीच लिहितेय. मी बोलते तसंच उतरव म्हणून तिला बजावलंय. ती म्हणते, "केझिया, मोठ्या घरी असं लिहीत नाहीत." मी म्हटलं, "मोठ्या घराला माती हवीय ना, मग भाषाही मातीतलीच जाऊ दे." आता नाक मुरडतेय. नाक मुरडलं असंही लिही म्हटलं, तर लिहिलं बिचारीनं.

माती सांगते, बाईसाहेब. घेऊन वर जायची नाहीये मी. पण तुमच्या पत्रातलं शेकोटीचं वाक्य मी तिला तीनदा वाचायला लावलं. संगीताच्या खोलीतली शेकोटी मी पाहिलेली आहे. आमचं लग्न झालं तेव्हा मोठ्या मालकांनी मला नि रूबेनला तिच्यापुढं उभं करून एल बिअरचा एकेक पेला दिला होता. माणूस आत उभा राहील एवढी मोठी होती. ती काढली कधी? आणि कशापायी? वरून वजन किती येणार नि खाली आधार काय, हे कळल्याशिवाय मिसळ सांगता येत नाही. उगाच विचारत नाही.

पियानो वाजवता का अजून?

कोळसा पाठवा. खाली अंगठा उठवलाय. अडाणी माणसानं फुली करायची असते, असं मिस टिबनम म्हणते. फुली काय, कुणीही करतं.


ब्रॅमलिंग हॉल
१७ मार्च १८८४

केझिया,

मातीबद्दल विचारले तर तू मलाच प्रश्न विचारतेस. तरी मिस्टर लँगफोर्ड म्हणाले की वजनाचा मुद्दा अगदीच गैर नाही, म्हणून लिहिते.

माझा पियानो १८३९च्या ऑक्टोबरात लंडनहून आला. शेकोटीचा कट्टा खोलीत पुढे आलेला असल्याने तो भिंतीशी बसेना. मी सतरा वर्षांची होते आणि हट्टी होते. वडिलांनी लंडनहून सुतार आणून आठवड्याभरात तो कट्टा उतरवला, वर एक लाकडी तुळई घातली आणि भिंत तक्त्यांनी झाकून टाकली. इतके सुबक काम की तिथे कधी शेकोटी होती, हे बाहेरच्या कुणाला कळूच नये. आजही पियानो तिथेच आहे. सांधेदुखीमुळे क्वचितच वाजवते.

तुझे समाधान झाले असेल, तर आता कृपा करून माती सांग.

ऑगस्टा थर्लो


लिटल ब्रॅमलिंग
२५ मार्च १८८४

बाईसाहेब,

झालं समाधान. पुरेपूर झालं.

पियानो आला तो दिवस मला आठवतो. चर्चच्या चढावर गाडी रुतली होती. तुमचे चार घोडे हटेनात, तेव्हा रूबेननं आमचा पाचवा जुंपला आणि स्वतः चाकाला खांदा दिला. घरी आला तो खांदा सोलवटून. मी चरबी चोळत होते तर हसत म्हणतो, "केझिया, आपल्या विटांवर आता गाणं वाजणार."

तर माती. तळ्यापलीकडे ऑल्डरची झाडं आहेत, त्यांच्या आणि जुन्या मेंढवाड्याच्या मधली लाल माती घ्या. वरची दोन हात टाकून द्या. खरं तर हिवाळाभर उघडी ठेवून गारठ्यानं फुटू द्यायची असते. आता मार्च आहे, उरलेला गारठा तरी खाऊ द्या. तीन वाटे माती, एक वाटा नदीची बारीक वाळू. तुडवून तुडवून अशी करा की मुठीत दाबली तर बोटांतून यावी, पण बोटांना चिकटू नये. मातीत पांढरे कण दिसतील, बिचकू नका, आमच्याकडे ते असायचेच. साचा ओला नको, वाळूनं माखलेला हवा. महिनाभर सावलीत वाळवा. लाकडाची आच, पाच दिवस, पाच रात्री. तुमच्या भिंतीवर काळ्या विटांची चौकटीची नक्षी आहे ना, त्या काळ्या विटा म्हणजे अगदी जाळाच्या तोंडाशी लावलेल्या. त्याही निघतील.

आता एकच गोष्ट, आणि ही नीट ऐका. भट्टी उघडायच्या दिवशी मला बोलवा. विटा ऊन असतानाच शेवटचं काम करायचं असतं. ते पत्रात सांगण्यासारखं नाही, समोर उभं राहून करून घ्यायचं असतं. आमच्याकडे रीतच होती, वीटवाल्याची बायको आल्याशिवाय भट्टीचं तोंड उघडायचं नाही. गाडी पाठवा. मी चर्चच्या फाटकाशी येऊन उभी राहीन. पाय दुखतात, पण तेवढं करीन.

‘मला बोलवा’ ही ओळ मिस टिबनमनं खाली रेघ मारून लिहिलीय. मीच सांगितलं.


ब्रॅमलिंग हॉल
२ सप्टेंबर १८८४

केझिया,

भट्टी जूनमध्येच उघडली. विटा अप्रतिम निघाल्या. मिस्टर लँगफोर्ड यांनी एक हातात घेऊन जुन्या भिंतीला लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "आता यातली जुनी कोणती ते सांगा पाहू." मला सांगता आले नाही. धुरांडे उभे राहिले. वर जाताना एकावर एक पीळ घेते आणि माथ्यावर चांदणीसारखे उमलते. पंचेचाळीस वर्षांनी घराचे तोंड पुरे झाले. काल लग्नाच्या पाहुण्यांनी हिरवळीवर उभे राहून टाळ्या वाजवल्या.

तुला बोलावणे जमले नाही. घरात लंडनची माणसे होती, आणि भट्टीच्या आवारात तू काठी टेकत आलेली बरे दिसले नसते. तुलाही अवघडल्यासारखे झाले असते. शिवाय असल्या रीतीभाती मिस्टर लँगफोर्ड मानत नाहीत. त्यांनी आपला लंडनचा भट्टीवाला आणला होता, आणि तो तीस वर्षे विटा भाजतो आहे.

लग्नाचा केक आणि पाव पौंड चहा पाठवत आहे.

ऑगस्टा थर्लो


लिटल ब्रॅमलिंग
८ सप्टेंबर १८८४

बाईसाहेब,

केक मिस टिबनमनं खाल्ला. माझ्या दातांना बेदाणे झेपत नाहीत. चहा चांगला होता.

जूनमधले तीन आठवडे मी रोज सकाळी चर्चच्या फाटकाशी जाऊन उभी राहत होते. गाडी येणार नाही हे ठाऊक होतं, तरी गेले. म्हणजे मागाहून मला कुणी म्हणू नये, की केझिया तू गेलीच नाहीस.

पाऊस लागला की लिहा.


ब्रॅमलिंग हॉल
९ डिसेंबर १८८४

केझिया गॅरड,

हे तू काय केलेस?

ऑक्टोबरच्या पावसाबरोबर सुरू झाले. आधी वाटले पक्षी चोची मारत असतील. धुरांड्यावरून टप, टप असा आवाज, आणि खाली लाल टवके. आता प्रत्येक विटेच्या अंगावर देवी येऊन गेल्यासारखे खड्डे पडले आहेत, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. चांदणीचे तीन कोपरे गळून पडले. मिस्टर लँगफोर्ड तुझ्या मिसळीला दोष देतात, भट्टीवाला मिस्टर लँगफोर्ड यांना देतो, आणि शेजारच्या घरी ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर हसत सांगितली जाते, असे माझ्या कानावर आले.

गॅरडच्या विटा तेव्हाही दगा देणाऱ्याच होत्या. तुझ्यावर विश्वास ठेवला हीच माझी चूक.

ऑगस्टा थर्लो


लिटल ब्रॅमलिंग
१५ डिसेंबर १८८४

बाईसाहेब,

तुमचं पत्र मिस टिबनम भराभर वाचून टाकायला लागली. मी म्हटलं, "सावकाश वाच बाई, मला घाई नाही." मग पुन्हा एकदा वाचून घेतलं.

माझं पत्र तुमच्याकडे असेल. काढा. रेघ मारलेली ओळ बघा. मी एक अक्षर खोटं सांगितलेलं नाही. माती तीच, वाळू तीच, आच तीच. शेवटचं काम तेवढं उरलं होतं, आणि ते करून घ्यायला मी फाटकाशी उभी होते. तुम्ही येऊ दिलं नाहीत. तुम्ही बोलावणार नाही यावर मी माझा दुसरा स्कर्ट पैजेवर लावला होता. मिस टिबनम हरली. तिला वाटत होतं तुम्ही बोलवाल. शिकलेली माणसं भाबडी असतात.

आता तुम्हाला काहीतरी दाखवते, म्हणजे दाखवता येत नाही, सांगते. धुरांडं पडलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ढिगाऱ्यात गेले होते. सुझनला तोवर नेलं होतं. ढिगाऱ्यातून एक वीट उचलून शालीखाली घरी आणली. चाळीस फुटांवरून पडलेली, आणि कोपरासुद्धा उडालेला नव्हता. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती वीट मी चुलीत तापवते, फडक्यात गुंडाळते आणि पायाशी घेऊन झोपते. पंचेचाळीस हिवाळे. रोज आग, रोज थंडी. एक चीर नाही. कच्ची वीट म्हणे!

त्या विटेच्या एका कडेला अंगठ्याचा ठसा आहे. रूबेनचा नाही, त्याचा अंगठा फावड्याएवढा होता. माझा आहे. विटा भाजायचा तो, पण पाडायची मी. सहाव्या धुरांड्याची प्रत्येक वीट माझ्या हातातून गेली. साच्यातून निघाली की अंगठा दाबायचे, हे माझं नाव. या पत्रांच्या खाली जो उठवते ना, तोच. पंचांनी कच्चा ठरवला तो माझा हात, बाईसाहेब, आणि मला तिथं कुणी उभंही केलं नाही.

रूबेनची भट्टी तुमच्या वडिलांनी फोडली. चार गावांत त्याची वीट कुणी घेईना. रस्त्यावर खडी फोडत राहिला, छातीत धूळ गेली, गरीबखान्यात मेला. सुझनची आई त्याच्या तोंडावर थुंकली तेव्हा त्यानं पुसलंसुद्धा नाही. आणि मरताना माझा हात धरून विचारलं, "केझिया, खरं सांग, होत्या का गं कच्च्या?" मी नाही म्हटलं. त्याला वाटलं मी समजूत घालतेय. तसाच गेला.

मला तरी काय माहीत होतं, धुरांडं का पडलं ते? मार्चमध्ये तुम्हीच सांगितलंत. ऑक्टोबरात खालचा कट्टा काढला, नोव्हेंबरात वरचं धुरांडं खाली आलं. मधे एक लाकडी तुळई, आणि तुमचा पियानो. तुम्हाला हे माहीत होतं. तुमच्या वडिलांनाही माहीत होतं. वरून तक्ते ठोकले आणि रूबेनला पुढं केलं.

तुमच्या विटा आणखी तीन हिवाळे फुटतील. पुन्हा पाडाल, पुन्हा फुटतील. त्या मातीला काय लागतं ते आता या परगण्यात मला एकटीला ठाऊक आहे, आणि मी एकोणसत्तर वर्षांची आहे, खोकलाही आहे. तेव्हा लवकर ठरवा. मला तीन गोष्टी हव्यात. पहिली, खरं काय झालं ते पाद्रीबुवांनी रविवारी भर चर्चमध्ये वाचायचं आणि वाचत असताना तुम्ही सगळ्यांपुढं उभं राहायचं. दुसरी, पियानो बाहेर काढायचा आणि शेकोटीचा कट्टा होता तिथं पुन्हा बांधायचा. तिसरी, पुढली भट्टी उघडाल तेव्हा गाडी पाठवायची. तुमची. छपराची.

कोळसा परत घेऊन जा म्हणणार होते, पण थंडी आहे.


ब्रॅमलिंग हॉल
१० फेब्रुवारी १८८५

केझिया,

उत्तराला आठ आठवडे लागले. त्यातले सहा मी तुझ्यावर संतापण्यात घालवले. सातव्या आठवड्यात चांदणीचा चौथा कोपरा लायनलच्या बायकोच्या समोर, तीन हातांवर पडला. ती धावत आत आली आणि मला विचारू लागली, "आत्या, हे धुरांडे आधीही पडले होते का? का पडले होते?" तिच्या तोंडावर मला खोटे बोलता आले नाही. तिच्याएवढी असताना मी खरे लपवले होते.

मला माहीत होते. धुरांडे पडले त्याच दिवशी वडिलांनी मला अभ्यासिकेत बोलावून सांगितले, "तू पियानो मागितलास, हे लक्षात ठेव." बस, एवढेच. पुढे मी कधी तोंड उघडले नाही.

गेल्या रविवारी सगळे वाचले गेले. पियानोसकट. मी उभी होते. सुझनचा भाऊ तिसऱ्या बाकावर होता. वाचन संपायच्या आधी उठला, टोपी घातली आणि निघून गेला. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. दारातून बाहेर पडताना माझ्यासाठी कुणी बाजूला झाले नाही. पंचेचाळीस वर्षांत असे प्रथमच घडले.

पियानो काल गेला. तक्ते काढले तेव्हा आत, नव्या लोखंडी तुळयांच्या खाली, ती जुनी लाकडी तुळई तशीच होती, मधोमध मोडलेली. धुरांडे उतरवायला घेतले आहे. माती नव्याने तुडवली जात आहे; एप्रिलअखेर भट्टी उघडेल.

मी तुझी क्षमा मागते. एक विनंती आहे. ती वीट देशील का? नव्या धुरांड्याच्या माथ्यावर, सर्वांना दिसेल अशी बसवीन.

ऑगस्टा


लिटल ब्रॅमलिंग
१६ फेब्रुवारी १८८५

ऑगस्टा,

बाईसाहेब म्हणायला आज जीभ वळत नाही. मिस टिबनम लिहायला तयार नव्हती. म्हटलं, लिही, रागावली तर माझ्यावर रागावेल.

सुझनचा भाऊ परवा माझ्या दाराशी आला होता. इतकी वर्षं माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवायचा. उंबऱ्यावर बटाट्यांची टोपली ठेवली नि गेला. टोपलीही न्यायला विसरला. मी बराच वेळ ते बटाटे तसेच ठेवले होते.

वीट मिळणार नाही. माझे पाय अजून गार पडतात. मी गेल्यावर ती माझ्याबरोबर, रूबेन गरीबखान्याच्या भिंतीकडेला निजलाय तिथं जाईल. त्याच्या डोक्याशी दगड नाही, ही वीट राहील. ठसा वर करून ठेवा असं मिस टिबनमला सांगून ठेवलंय.

क्षमा मागितलीस. ती माझ्याकडं नाही, मी कुठून देऊ? ज्याच्याकडं होती तो गेला.

आता ते शेवटचं काम. पत्रात सांगण्यासारखं नाही म्हणाले होते ना, तेवढी एक थाप होती. एका वाक्याचं आहे. वीट भट्टीतून निघाली की ऊन असतानाच पाण्यात बुडवायची. एवढंच. आमच्या मातीतले पांढरे कण म्हणजे चुना. भट्टीत तो भाजतो, विटेच्या पोटात दडून बसतो, आणि महिन्यांनी पाऊस प्याला की फुगून तोंड फोडतो. आधीच पोटभर पाणी पाजलं की तो भट्टीच्या तोंडाशीच ओरडून गप्प होतो. बादलीभर पाणी, ऑगस्टा. मी जूनमध्ये येऊन एवढंच सांगणार होते आणि घरी परत जाणार होते.

एप्रिलात गाडी पाठव. भट्टीपाशी मला बसायला लागेल. पियानो गेला तरी त्याचं स्टूल राहिलंच असेल, ते आणून ठेव. पाण्याचं टिपाड माझ्यासमोर मांड. गावातल्या ज्यांना यायचं त्यांना येऊ दे, तुझ्या लंडनवाल्यांनाही.

पहिली वीट तू बुडवायचीस. भाजेल. मी सांगेपर्यंत सोडायची नाही.

हातमोजे घरी ठेवून ये.

केझिया गॅरड
(इथं अंगठा)